क्लीव्ह : एकाच रूपात नांदणारी दोन इंग्रजी क्रियापदे ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

ओंडक्यावर कुऱ्हाड पडून त्याची दोन शकले होतात, तेव्हा इंग्रजी लेखक लिहितो, ‘द ॲक्स क्लीव्ह्ड द लॉग’. पावसात भिजलेला सदरा पाठीला चिकटून बसतो, तेव्हा तोच लेखक लिहितो, ‘द वेट शर्ट क्लीव्ह्ड टू हिज बॅक’. पहिल्या वाक्यात एका वस्तूच्या दोन होतात, तर दुसऱ्या वाक्यात दोन वस्तू एक झाल्यासारख्या होतात, आणि दोन्ही ठिकाणी क्रियापदाचे रूप अक्षरशः सारखे आहे. इंग्रजी वाचनात नुकताच रमू लागलेला वाचक येथे थबकतो, शब्दकोश उघडतो, त्यात ‘चिरणे’ आणि ‘चिकटणे’ असे दोन्ही अर्थ पाहतो आणि आणखी गोंधळतो. या शब्दाचे अर्थ पाठ करून काम भागत नाही. वाक्यात त्याच्या शेजारी काय बसले आहे ते पाहण्याची सवय लावून घेतली, तर हा शब्द सहसा फसवत नाही. ती सवय कशी लावून घ्यावी, हे पुढे पायरीपायरीने सांगितले आहे.

पहिली पायरी : उच्चार आणि अक्षरे

‘क्लीव्ह’ मधला ‘ई’ दीर्घ आहे. ‘सोडून जाणे’ या अर्थाच्या ‘लीव्ह’ शी त्याचे यमक जुळते आणि लेखनातही या दोन्ही शब्दांच्या शेवटी ई, ए, व्ही, ई हीच चार अक्षरे येतात. मात्र ‘हुशार’ या अर्थाच्या ‘क्लेव्हर’ शी याची गल्लत करू नये. मांस तोडण्याच्या सत्तुराला इंग्रजीत ‘क्लीव्हर’ म्हणतात. त्यात ‘ए’ हे अक्षर येते आणि ‘क्लेव्हर’ मध्ये ते येत नाही. लिहिताना एवढे एक अक्षर राहून गेले, तर सत्तुराच्या जागी हुशारी येऊन बसते आणि संगणकातील शुद्धलेखन तपासनीसालाही त्यात काही वावगे दिसत नाही.

दुसरी पायरी : हा एक शब्द नाही, हे मनात पक्के करणे

परस्परविरोधी अर्थ पाहिले की एकाच शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात उलटला असावा, असे आपल्याला वाटते. येथे तसे घडलेले नाही. प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. ‘क्लेओफान’ म्हणजे फोडणे, दुभंगवणे, आणि ‘क्लिफियान’ म्हणजे चिकटणे. त्यांची मुळे वेगळी होती आणि भूतकाळाची रूपे बनवण्याच्या तऱ्हाही वेगळ्या होत्या. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत उच्चार बदलत गेले, प्रत्यय झिजले आणि दोघांचे वर्तमानकाळी रूप एकच होऊन बसले.

मराठी वाचकाला हे नवलाचे वाटण्याचे कारण नाही. आपण ‘आज काम फार आहे’ म्हणतो तेव्हा तो ‘काम’ संस्कृतातील ‘कर्म’ पासून प्राकृतातील ‘कम्म’ या वाटेने आलेला असतो, आणि ‘काम, क्रोध, लोभ’ म्हणतो तेव्हा त्यातला ‘काम’ थेट संस्कृतातील इच्छावाचक शब्द असतो. दोन घरचे दोन शब्द एकाच वेषात समोर उभे आहेत, आणि तरीही आपली कधी फसगत होत नाही, कारण आजूबाजूचे शब्द आपल्याला अर्थ सांगून टाकतात. ‘क्लीव्ह’ चे प्रकरण नेमके याच जातीचे आहे.

दोघांचे गोत ठाऊक असले, तर लक्षात ठेवायला मदत होते. फोडणाऱ्या ‘क्लीव्ह’ चे दूरचे नाते ‘कोरणे’ या अर्थाच्या ग्रीक ‘ग्लिफाइन’ शी जुळते. प्राचीन इजिप्तमधील चित्रलिपीला जे ‘हायरोग्लिफ’ म्हणतात, त्याच्या उत्तरार्धात हाच ग्रीक शब्द आहे. चिकटणाऱ्या ‘क्लीव्ह’ चा जर्मन भाऊबंद आजही ‘क्लेबेन’ या रूपात रोजच्या वापरात आहे, आणि चिकणमातीला इंग्रजीत ‘क्ले’ म्हणतात तो शब्दही त्याच कुळातला आहे. एका बाजूला दगडात घुसणारी छिन्नी आणि दुसऱ्या बाजूला बोटांना चिकटणारी चिकणमाती अशी दोन चित्रे डोळ्यांसमोर ठेवली, तर पुढची सगळी वाट सोपी होते.

चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत या दोन क्रियापदांच्या नोंदी स्वतंत्र असतात आणि त्यांना एक व दोन असे क्रमांक दिलेले असतात. घाईत वाचणारा पहिली नोंद वाचून शब्दकोश मिटतो. ‘क्लीव्ह’ च्या बाबतीत दुसरी नोंद वाचल्याशिवाय पान उलटू नये.

तिसरी पायरी : शेजारचा शब्द पाहणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळावे लागेल. मराठीत ‘परवा’ हा शब्द होऊन गेलेल्या दिवसासाठी चालतो आणि येणाऱ्या दिवसासाठीही चालतो. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांत कोणता परवा हे क्रियापदाचा काळ ठरवतो. ‘परवा’ च्या बाबतीत काळ जे काम करतो, ते ‘क्लीव्ह’ च्या बाबतीत ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आणि कर्म हे दोघे मिळून करतात.

फोडणारे क्रियापद मुख्यतः सकर्मक आहे. काय फोडले, हे त्याच्या लगेच पुढे येते : ‘क्लीव्ह द रॉक’, ‘क्लीव्ह द वुड’, ‘क्लीव्ह द मॉलिक्यूल’. चिकटणारे क्रियापद अकर्मक आहे आणि कशाला चिकटले हे सांगण्यासाठी त्याला ‘टू’ ची किंवा जुन्या इंग्रजीत ‘अन्टू’ ची गरज लागते : ‘क्लीव्ह टू द ट्रूथ’, ‘क्लीव्ह टू अ बिलीफ’, ‘क्लीव्ह टू द ओल्ड वेज’. म्हणून नियम असा सांगता येईल की, क्रियापदानंतर थेट वस्तू आली तर फोडणे, आणि क्रियापदानंतर ‘टू’ येऊन मग वस्तू आली तर चिकटणे.

हा नियम बहुतेक वाक्यांना पुरतो. जेथे तो पुरत नाहीसा वाटतो अशा जागा मोजक्याच आहेत, पण नवशिक्याची चूक नेमकी तेथेच होते.

पहिली जागा म्हणजे ‘टू’ क्रियापदापासून दूर गेलेला असतो. ‘द प्रिन्सिपल्स टू विच शी क्लीव्ह्ड’ या शब्दसमूहात क्रियापदानंतर काहीच नाही, कारण ‘टू’ आधीच येऊन बसला आहे. अर्थ आहे, ‘ज्या तत्त्वांना ती धरून राहिली ती तत्त्वे’. कधी मध्ये एखादे क्रियाविशेषण येते, जसे ‘ही क्लीव्ह्ड स्टबर्नली टू हिज प्लॅन’, म्हणजे ‘तो हट्टाने आपल्या बेतालाच धरून राहिला’. अशा वेळी ‘टू’ मागेपुढे कोठे आहे का, हे सबंध वाक्य वाचूनच ठरवावे.

दुसरी जागा अधिक फसवी आहे. ‘द सोर्ड क्लीव्ह्ड द हेल्मेट टू द चिन’ या वाक्यात ‘टू’ आहे, पण चिकटण्याचा काही संबंध नाही. तलवारीने शिरस्त्राण हनुवटीपर्यंत चिरत नेले, असा त्याचा अर्थ आहे. येथील ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’. खूण अशी की, क्रियापद आणि ‘टू’ यांच्या मध्ये ‘द हेल्मेट’ हे कर्म आलेले आहे. कर्म मध्ये आले की चिकटण्याचा अर्थ बाद होतो, मग पुढे कितीही वेळा ‘टू’ येवो.

तिसरी जागा फोडण्याच्या अकर्मक वापराची आहे. ‘मायका क्लीव्ह्ज इन्टू थिन शीट्स’ म्हणजे अभ्रकाचे पातळ पापुद्रे सुटतात. येथे कर्म नाही, म्हणून चिकटण्याचा अर्थ असेल असे वाटू शकते. पण येथे ‘टू’ नसून ‘इन्टू’ आहे आणि ‘इन्टू’ नेहमी तुकड्यांकडे नेतो. ‘अलाँग’ आला, म्हणजे कोणत्या रेषेने फुटले हे सांगितले, तरीही फुटणेच समजावे. ‘अपार्ट’, ‘असंडर’ आणि ‘इन टू’ (म्हणजे दोन भागांत) ही शब्दावलीही त्याच बाजूची आहे. उलट ‘टुगेदर’ आला, तर दोन वस्तू परस्परांना चिकटल्या आहेत.

कर्मणि प्रयोगाची एक खूण या सगळ्यांहून सोपी आहे. चिकटणारे क्रियापद अकर्मक असल्यामुळे त्याचा कर्मणि प्रयोग जवळजवळ होतच नाही. त्यामुळे ‘वॉज क्लीव्ह्ड’, ‘वेअर क्लीव्ह्ड’, ‘हॅज बीन क्लीव्ह्ड’ असे दिसले की फारसा विचार न करता ‘फोडले गेले’ असे समजावे.

चौथी पायरी : भूतकाळाची रूपे

येथे इंग्रजीने खरोखरच पसारा मांडून ठेवला आहे. फोडणाऱ्या क्रियापदाच्या भूतकाळासाठी ‘क्लीव्ह्ड’, ‘क्लेफ्ट’ आणि ‘क्लोव्ह’ अशी तीन रूपे आहेत, आणि भूतकालवाचक धातुसाधितासाठी ‘क्लीव्ह्ड’, ‘क्लेफ्ट’ आणि ‘क्लोव्हन’ अशी तीन आहेत. चिकटणाऱ्या क्रियापदाला आज व्यवहारात ‘क्लीव्ह्ड’ हे एकच रूप आहे.

या पसाऱ्यातून वाचकाच्या हाती एक उपयोगी गोष्ट लागते. ‘क्लेफ्ट’ किंवा ‘क्लोव्हन’ दिसले की अर्थ फोडण्याचाच असतो, तेथे ‘टू’ शोधत बसण्याची गरज नाही. शंका फक्त ‘क्लीव्ह’, ‘क्लीव्ह्ज’, ‘क्लीव्हिंग’ आणि ‘क्लीव्ह्ड’ या रूपांपुरतीच उरते.

लिहिणाऱ्यासाठी मात्र ही रूपे अदलाबदलीने वापरण्याजोगी नाहीत, कारण काही रूपे विशिष्ट शब्दांशी कायमची बांधली गेली आहेत. गाय, शेळी, हरीण यांच्या दुभागलेल्या खुराला ‘क्लोव्हन हूफ’ म्हणतात. तेथे ‘क्लेफ्ट’ क्वचित दिसते आणि ‘क्लीव्ह्ड’ तर चालतच नाही. जन्मतः दुभंगलेल्या ओठाला ‘क्लेफ्ट लिप’ आणि टाळूला ‘क्लेफ्ट पॅलेट’ म्हणतात. तेथे ‘क्लोव्हन’ लिहिणे चूक ठरते. दोन्हीकडून कोंडी झालेल्या माणसाबद्दल ब्रिटिश इंग्रजीत ‘इन अ क्लेफ्ट स्टिक’ असे म्हणतात. चिरलेल्या काठीच्या फटीत सापडल्यासारखी अवस्था, हे त्यामागचे चित्र आहे आणि मराठीतील ‘इकडे आड तिकडे विहीर’ त्याला चपखल बसते. प्रयोगशाळेतील लेखनात मात्र या जुन्या रूपांना थारा नाही. विकराने, म्हणजे एन्झाइमने, तोडलेले प्रथिन हे नेहमी ‘क्लीव्ह्ड प्रोटीन’ असते.

एक आर्ष रूप राहिले, ते ‘क्लेव्ह’. ते फक्त जुन्या ग्रंथांत भेटते, पण तेथे मात्र ते दोन्ही क्रियापदांसाठी येते. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये अब्राहाम होमासाठी लाकडे फोडतो तेथे ‘क्लेव्ह’ आहे, आणि रूथ आपल्या सासूला सोडून जायला तयार होत नाही तेथेही ‘क्लेव्ह’ आहे. रूप काहीच सांगत नाही, पण पहिल्या ठिकाणी पुढे ‘द वुड’ येते आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अन्टू हर’ येते. तिसऱ्या पायरीवरचा नियम चारशे वर्षांपूर्वीच्या गद्यालाही लागू पडतो, म्हणूनच तो शिकून ठेवावा.

लवंगेला आणि लसणाच्या पाकळीला इंग्रजीत ‘क्लोव्ह’ असा एकच शब्द आहे. लसणाची पाकळी मूळ कांद्यापासून सुटी होते, म्हणून तिचे नाव फोडणाऱ्या ‘क्लीव्ह’ च्याच घरातले आहे. लवंगेचा ‘क्लोव्ह’ मात्र ‘खिळा’ या अर्थाच्या लॅटिन ‘क्लावुस’ पासून फ्रेंच भाषेच्या वाटेने आला आहे, कारण लवंग आकाराने खिळ्यासारखी दिसते. रूपसाम्यावरून नाते जोडू नये, हे यावरूनही दिसून येते.

पाचवी पायरी : मराठी प्रतिशब्द निवडणे

येथे शब्दकोश फक्त दारापर्यंत सोबत करतो. ‘क्लीव्ह’ साठी ‘कापणे’ हा शब्द सर्रास दिला जातो, पण पुष्कळ ठिकाणी तो अर्थ बिघडवतो. लाकूड करवतीने कापतात आणि कुऱ्हाडीने किंवा पाचर ठोकून फोडतात. करवत रेषा आडव्या छेदून जाते, तर पाचर लाकडाच्या रेषांना धरून वाट काढते. ‘क्लीव्ह’ मध्ये हा दुसरा भाव आहे. पदार्थाच्या अंगात जी रेषा मुळातच आहे, तिला धरून त्याचे भाग वेगळे होणे, हा त्याचा गाभा आहे. म्हणून लाकूड आणि दगड यांच्यासाठी ‘फोडणे’, एकसंध वस्तूसाठी ‘दुभंगणे’ आणि शस्त्राच्या वारासाठी ‘चिरणे’ हे शब्द जवळचे आहेत.

गंमत अशी की, जहाजाच्या बाबतीत ‘कापणे’ च योग्य ठरते. ‘द शिप क्लेफ्ट द वेव्ह्ज’ याचे ‘जहाजाने लाटा फोडल्या’ असे केले तर वाचक अडखळतो. मराठीत जहाज ‘पाणी कापत’ जाते. पक्षी ‘हवा चिरत’ जातो. ‘शी क्लीव्ह्ड अ पाथ थ्रू द क्राउड’ याला ‘गर्दीतून वाट काढली’ पुरेसे आहे. तेथे फोडणे, चिरणे यांपैकी काहीही आणले तर उगाच हिंसा शिरते. क्रियापद एकच असले तरी मराठी शब्द कर्माकडे पाहून ठरवावा लागतो.

चिकटणाऱ्या क्रियापदाचे भाषांतर याहून नाजूक आहे. शरीर आणि वस्तू यांच्यापुरते ‘चिकटणे’ ठीक आहे. भीतीने किंवा तहानेने जीभ टाळ्याला चिकटते, हे इंग्रजीतही ‘क्लीव्ह’ नेच सांगतात आणि दोन्ही भाषांतील चित्र एकच आहे. पण माणूस विचाराला, श्रद्धेला किंवा दुसऱ्या माणसाला ‘क्लीव्ह’ करतो तेव्हा ‘चिकटून राहतो’ म्हटले, तर मराठीत त्याला नकोशा लोचटपणाचा वास येतो, आणि मूळ शब्दात तो मुळीच नाही. मूळ शब्दात आहे ती निष्ठा. रूथच्या प्रसंगी मला ‘तिने सासूला अंतर दिले नाही’ हे सर्वांत जवळचे वाटते, कारण ‘अंतर न देणे’ या आपल्या वाक्प्रचारात जवळिकीचे चित्रही आहे आणि निष्ठाही आहे. पतिपत्नींच्या संदर्भात ‘जडून राहणे’ शोभते. ज्या ‘जडणे’ ने जीव जडतो तेच हे जडणे. तत्त्व, मत किंवा परंपरा यांच्यासाठी ‘धरून राहणे’ उत्तम. भेदरलेले मूल आईला ‘बिलगते’.

इंग्रजीतील जवळच्या शब्दांपासूनही याला वेगळे ठेवले पाहिजे. ‘क्लिंग’ मध्ये सुटण्याची भीती आहे आणि म्हणून त्याला ‘कवटाळणे’ किंवा ‘घट्ट धरून ठेवणे’ लागू पडते. ‘अढीअर’ मध्ये नियमाची शिस्त आहे आणि त्याला ‘पालन करणे’ लागू पडते. ‘स्टिक’ बोलीतला आहे, तो कोठेही चालतो. ‘क्लीव्ह’ या तिघांहून गंभीर आणि काहीसा जुन्या वळणाचा आहे. ‘शी क्लंग टू हर बिलीफ्स’ वाचताना ती एकटी पडल्यासारखी वाटते, तर ‘शी क्लीव्ह्ड टू हर बिलीफ्स’ वाचताना तिने विचारपूर्वक पक्ष घेतल्यासारखे वाटते.

सहावी पायरी : हा शब्द कोठे भेटतो

खनिजविज्ञानात ‘क्लीव्हेज’ हा नेमका पारिभाषिक शब्द आहे आणि मराठीत त्याला ‘पाटन’ म्हणतात. स्फटिकातील अणूंची जोडणी ज्या प्रतलांत दुबळी असते, त्या प्रतलांना धरून तो सपाट फुटतो. अभ्रकाला असे पाटन एकाच दिशेने असते, म्हणून त्याचे पापुद्रे निघतात. सैंधवाला ते परस्परांशी काटकोन करणाऱ्या तीन दिशांनी असते, म्हणून त्याचे खडे फुटून पुन्हा घनाकृती तुकडेच होतात. हिऱ्याला ते चार दिशांनी असते. नैसर्गिक खनिजांत सर्वांत कठीण असलेला हिरा योग्य प्रतलावर बसलेल्या एका घावाने दुभंगू शकतो, ही गोष्ट या क्रियापदाचा अर्थ इतर कोणत्याही उदाहरणापेक्षा चांगला समजावते. 1905 साली दक्षिण आफ्रिकेत कलिनन नावाचा 3106 कॅरटचा हिरा सापडला आणि 1908 साली ॲमस्टरडॅममध्ये तो फोडण्यात आला. आधी त्याला खाच पाडली गेली, मग त्या खाचेत पाते ठेवून त्यावर घाव घातला गेला. या प्रसंगाच्या इंग्रजी वर्णनांत ‘कट’ च्या जोडीने ‘क्लीव्ह’ येतो तो अलंकार म्हणून नव्हे. ‘कट’ मध्ये पैलू पाडणे आले, आणि ‘क्लीव्ह’ मध्ये हा एक घाव आला.

जीवरसायनशास्त्रात विकरे रेणूंमधील बंध ‘क्लीव्ह’ करतात. ‘ट्रिप्सिन क्लीव्ह्ज प्रोटीन्स आफ्टर लायसीन अँड आर्जिनीन’ या वाक्याचा अर्थ, ट्रिप्सिन हे विकर प्रथिनाची साखळी लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांच्या पुढे तोडते. येथे ‘तोडणे’ हाच रुळलेला मराठी शब्द आहे. भ्रूणविज्ञानात ‘क्लीव्हेज’ म्हणजे फलित अंड्याचे सुरुवातीचे विभाजन. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जातात, आणि त्या काळात भ्रूणाचा एकूण आकार मात्र फारसा वाढत नाही.

राज्यशास्त्रात ‘सोशल क्लीव्हेज’ म्हणजे समाजातील खोल आणि टिकाऊ फूट. 1967 साली लिप्सेट आणि रोक्कान या अभ्यासकांनी युरोपातील पक्षपद्धती अशा चार फुटींवरून उलगडून दाखवली : केंद्र आणि परीघ, राज्यसंस्था आणि चर्च, शेती आणि उद्योग, मालक आणि कामगार. मराठीत येथे ‘दरी’ हा शब्द सहज सुचतो. तो चालेल, पण ‘दुफळी’ मध्ये लोक दोन बाजूंना उभे राहिल्याचे जे चित्र आहे, ते मला अधिक अचूक वाटते.

‘क्लीव्हेज’ हे नाम रोजच्या इंग्रजीत मात्र बहुतेक वेळा स्त्रीच्या दोन स्तनांमधील घळीसाठी वापरले जाते. शास्त्रीय संदर्भाबाहेर, नुसत्या ‘फूट’ या अर्थाने ते बोलण्यात आणताना याचे भान ठेवावे. आणि हेही लक्षात असू द्यावे की ‘क्लीव्हेज’, ‘क्लीव्हर’, ‘क्लेफ्ट’ ही सगळी नामे फोडणाऱ्या क्रियापदाची आहेत. चिकटण्यासाठी ‘क्लीव्ह’ पासून असे रुळलेले नाम तयार झाले नाही. तेथे ‘ॲढीजन’ किंवा ‘कोहीजन’ अशा लॅटिन कुळातील शब्दांकडे जावे लागते.

सातवी पायरी : स्वतः लिहिताना

शास्त्रीय लेखनात हा शब्द निर्धास्तपणे वापरावा, कारण तेथे त्याला पर्याय नाही. इतरत्र फोडण्याच्या अर्थाने ‘स्प्लिट’ आणि चिकटण्याच्या अर्थाने ‘स्टिक’ किंवा ‘होल्ड टू’ हे शब्द पुरतात. कार्यालयीन पत्रात ‘वी मस्ट क्लीव्ह टू द शेड्यूल’ असे लिहिले तर व्याकरण चुकत नाही, पण वेळापत्रकासारख्या साध्या गोष्टीला धर्मनिष्ठेचा सूर लागतो आणि वाचणारा बिचकतो. बायबलच्या अलीकडच्या कित्येक इंग्रजी भाषांतरांनीही पतिपत्नींविषयीच्या प्रसिद्ध वचनातील ‘क्लीव्ह’ काढून ‘होल्ड फास्ट’ किंवा ‘बी युनायटेड’ असे शब्द घातले आहेत, यावरून चिकटण्याच्या अर्थाचा हा शब्द आज किती जुना वाटतो, ते कळते.

जेथे निष्ठा, परंपरा, श्रद्धा, जुनी मैत्री अशा गोष्टींविषयी गांभीर्याने लिहायचे आहे, तेथे हा शब्द शोभून दिसतो. तेथेही ‘टू’ क्रियापदाला लागूनच ठेवावा, वाचकाला तो शोधायला लावू नये. फोडण्याच्या अर्थाने भूतकाळ लिहिताना, ठरीव शब्दसमूह सोडले, तर नवशिक्याने ‘क्लीव्ह्ड’ किंवा ‘क्लेफ्ट’ यांपैकी एक रूप निवडून संपूर्ण लेखात तेच ठेवावे. ‘क्लोव्ह’ हे भूतकाळी रूप बरोबर असले, तरी आधुनिक वाचकाला आधी लवंगच आठवते.

आठवी पायरी : सराव

पुढील वाक्ये वाचताना उत्तर पाहण्याआधी क्रियापदाच्या शेजारी काय आहे, त्यावर बोट ठेवावे.

‘स्लेट क्लीव्ह्ज अलाँग फ्लॅट प्लेन्स.’ कर्म नाही, पण ‘अलाँग’ आहे, म्हणून फुटणे : पाटीचा दगड सपाट प्रतलांना धरून फुटतो.

‘द व्हिलेजर्स क्लीव्ह्ड टू देअर लँग्वेज.’ क्रियापदाला लागून ‘टू’ आहे : गावकऱ्यांनी आपली भाषा सोडली नाही. अनुवाद तपासताना अशा वाक्याचे ‘भाषेपासून तुटले’ असे मराठी झालेले मी पाहिले आहे. अनुवादकाने शब्द ओळखला होता, त्याला एकच अर्थ ठाऊक होता आणि ‘टू’ कडे त्याचे लक्षच गेले नव्हते. अशी चूक केवळ एका वाक्यापुरती राहत नाही, कारण पुढचा सगळा परिच्छेद त्या लोकांच्या चिकाटीविषयी असतो आणि तो वाचकाला निरर्थक वाटू लागतो.

‘द लाइटनिंग क्लेफ्ट द ट्री टू इट्स रूट्स.’ येथे दोन खुणा आहेत. ‘क्लेफ्ट’ हे रूपच फोडणे सांगते, आणि ‘टू’ च्या आधी ‘द ट्री’ हे कर्म आलेले आहे : विजेने झाड मुळापर्यंत चिरले.

‘द लिंक वॉज क्लीव्ह्ड बाय अ सिंगल एन्झाइम.’ कर्मणि प्रयोग आहे, म्हणून प्रश्नच नाही : तो दुवा एकाच विकराने तोडला.

शेवटचे वाक्य मुद्दाम अवघड घेतले आहे, कारण त्यात दोन्ही क्रियापदे एकत्र आली आहेत : ‘द ड्राउनिंग सेलर क्लीव्ह्ड टू द प्लँक दॅट द वेव्ह हॅड क्लेफ्ट फ्रॉम द हल.’ पहिल्या क्रियापदाला लागून ‘टू’ आहे, दुसऱ्याचे रूप ‘क्लेफ्ट’ आहे आणि त्याचे कर्म ‘दॅट’ च्या रूपाने आधीच येऊन गेले आहे. मराठीत क्रम उलटतो : लाटेने जहाजाच्या अंगातून जी फळी फोडून वेगळी केली होती, तिलाच तो बुडणारा खलाशी बिलगून राहिला.